तेरा भागांपासून तीन हजार भागांपर्यंत... आणि परत!

'ही मालिका एकदाची संपत का नाही?' हा प्रश्न मराठी घरांत रात्रीच्या जेवणाच्या वेळी हमखास निघतो. सासूचे कारस्थान तीन आठवडे शिजते, दारावरची बेल वाजल्यापासून दार उघडेपर्यंत अख्खा भाग खर्ची पडतो आणि नायिकेच्या डोळ्यांतील एकाच अश्रूवर कॅमेरा तीन दिशांनी झेपावतो. दोष अर्थातच लेखकाला दिला जातो. त्याची बाजू घेणारे त्या घरात कोणी नसते. वस्तुतः मालिका किती लांबावी, ती कोणत्या गावात घडावी आणि तिने कोणत्या भाषेत बोलावे, याचा निर्णय लेखकाच्या मेजावर होतच नाही. पैसा कोठून येतो आणि प्रेक्षक कसा मोजला जातो, या दोन गोष्टींवर तो ठरतो. गेल्या अर्धशतकात मराठी मालिकेने तीन निरनिराळे आकार धारण केले, त्यामागे याच दोन गोष्टींतील बदल आहे.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. सिंहगडावरील मनोऱ्यामुळे १९७३ पासून त्याचे कार्यक्रम पुण्यातही दिसू लागले. दूरदर्शन तेव्हा आकाशवाणीचाच एक विभाग होते. १९७६ मध्ये ते स्वतंत्र झाले आणि त्याच वर्षाच्या प्रारंभी पडद्यावर जाहिराती आल्या. 'गजरा', 'प्रतिभा आणि प्रतिमा', 'आमची माती, आमची माणसं' या कार्यक्रमांना प्रेक्षक मिळवण्यासाठी कोणाशीही झगडावे लागले नाही, कारण दुसरी वाहिनीच नव्हती. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ हे दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या रूपाने छोट्या पडद्यावर अवतरले. त्यांच्या मागे वाङ्मय होते, रंगभूमीवर घडलेले नट होते आणि सरकारी पगारावरचे निर्माते होते. प्रेक्षकसंख्या वाढली म्हणून भाग वाढवण्याची कोणालाच निकड नव्हती.

१९८४ मध्ये 'हम लोग' आली आणि प्रायोजित मालिकांचे युग अवतरले. व्यवहार साधा होता. निर्मात्याने स्वखर्चाने मालिका तयार करायची, दूरदर्शनकडे प्रक्षेपणाचे शुल्क भरायचे आणि त्याबदल्यात मिळालेले जाहिरातींचे सेकंद प्रायोजकाला विकायचे. मंजुरी बहुधा तेरा भागांची मिळे. तेरा आठवडे म्हणजे वर्षाचा चौथा हिस्सा, एक तिमाही. कार्यालयीन सोयीतून जन्मलेल्या या आकड्याने मराठी लेखकांना नकळत एक शिस्त लावली. ना. धों. ताम्हनकरांच्या 'गोट्या'वर राजदत्त यांनी केलेली मालिका ज्यांनी लहानपणी पाहिली, त्यांना ती आजही आठवते. आठवड्यातून एकदाच दिसणारी गोष्ट पुढचे सहा दिवस मनात मुरत असे, हे त्या आठवणीमागचे एक कारण असावे. अर्थात त्या काळाचे फार गोडवे गाण्याचेही कारण नाही. मंजुरीसाठी घालाव्या लागणाऱ्या खेटा आणि 'व्यत्यय'ची पाटी हीदेखील त्याच काळाची देणगी!

दररोजचा रतीब

'दामिनी' ही मराठीतील पहिली दैनंदिन मालिका म्हणून ओळखली जाते, आणि ती खासगी वाहिनीवर नव्हे तर दूरदर्शनवरच आली. वर्तमानपत्रात काम करणाऱ्या निर्भीड तरुणीची ही कथा प्रतीक्षा लोणकर यांच्यामुळे घराघरात पोहोचली. तथापि खरा पालट झाला तो १५ ऑगस्ट १९९९ रोजी सुरू झालेल्या 'अल्फा टीव्ही मराठी'मुळे. तीच पुढे 'झी मराठी' झाली. विनय आपटे दिग्दर्शित 'आभाळमाया' याच वाहिनीवर आली. २००० मध्ये 'ई टीव्ही मराठी' आली (२०१५ पासून 'कलर्स मराठी'), २००८ मध्ये 'स्टार प्रवाह' आणि २०१८ मध्ये 'सोनी मराठी'. 'ई टीव्ही'वरील 'चार दिवस सासूचे' ही मालिका नावातल्या चार दिवसांची मर्यादा ओलांडून २००१ ते २०१३ अशी सुमारे अकरा वर्षे चालली आणि तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले.

येथे थोडा हिशेब करणे उपयुक्त ठरेल. केबल टीव्हीविषयीच्या नियमांनुसार तासाला जास्तीत जास्त बारा मिनिटे जाहिराती दाखवता येतात: दहा मिनिटे इतरांच्या आणि दोन मिनिटे वाहिनीच्या स्वतःच्या. म्हणजे अर्ध्या तासाच्या भागात मालिका उरते ती बावीस-तेवीस मिनिटांची. आठवड्याला सहा भाग धरले तर वर्षाला तीनशेहून अधिक भाग होतात, आणि चित्रित मजकूर भरतो सुमारे एकशे चौदा तासांचा. अडीच तासांचा एक याप्रमाणे वर्षाला पंचेचाळीस चित्रपट! इतका मजकूर कोणत्याही एका लेखकाच्या आवाक्यातला नाही. त्यामुळेच श्रेयनामावलीत कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची आणि संवाद तिसऱ्याचे असतात. वाहिनीची मंडळी 'ट्रॅक' ठरवतात, दृश्यांची यादी संवादलेखकाकडे जाते आणि कित्येकदा संवादाची पाने चित्रीकरणाच्या दिवशी सेटवर पोहोचतात. एकाच घराचा दिवाणखाना महिनोन्‌महिने वापरला जातो, कारण नव्या जागी प्रकाशयोजना करायची तर तास-दोन तास जातात आणि तेवढ्यात दोन दृश्ये चित्रित होऊ शकली असती. जेवणाचे टेबल हे मराठी मालिकांचे आवडते युद्धक्षेत्र आहे, त्याचे कारणही हेच. सगळी पात्रे एका चौकटीत मावतात!

यात वेग सांभाळण्यासाठी तयार भागांचा जो साठा ठेवतात, त्याला 'बँक' म्हणतात. ही बँक बहुधा जेमतेम काही दिवस पुरेल इतकीच असते. याचे कारण आळस नाही, तर मोजमाप आहे. एखादे पात्र लोकांना आवडले की त्याला अधिक दृश्ये द्यायची आणि एखादे वळण फसले की ते गुंडाळायचे, हे साठा मोठा असेल तर शक्य होत नाही. प्रेक्षकाचा कौल दर आठवड्याला येतो आणि कथा त्या कौलामागे धावते. नायक अचानक परदेशी जातो, मेलेले पात्र परत येते, कथानक पाच वर्षांची 'लीप' घेते. ही सगळी त्या कौलाला दिलेली उत्तरे होत.

हा कौल घेण्याची पद्धतही समजून घेण्याजोगी आहे. पूर्वी हे काम 'टॅम' ही संस्था करीत असे. २०१५ पासून ते 'बार्क' करते. प्रत्येक वाहिनीच्या आवाजात कानाला ऐकू न येणारी एक खूण मिसळलेली असते. देशभरातील निवडक घरांत, आणि त्यांची संख्या आता पन्नास हजारांच्या पुढे आहे, बसवलेले यंत्र ती खूण ओळखते आणि कोणती वाहिनी किती वेळ सुरू होती याची नोंद करते. त्या घरांनी जे पाहिले, ते सगळ्यांनी पाहिले असे मानून जाहिरातींचे दर ठरतात. महाराष्ट्र आणि गोवा मिळून मराठीची एकच बाजारपेठ धरली जाते. या पद्धतीत गडबड होऊ शकते, हे २०२० साली मुंबई पोलिसांनी नोंदवलेल्या टीआरपी प्रकरणानंतर सर्वांनाच ठाऊक झाले. त्यानंतर वृत्तवाहिन्यांचे आकडे जाहीर होणे मार्च २०२२ पर्यंत थांबले होते.

मात्र या मोजमापातील एका बदलाने मराठी मालिकेचे भले केले, याची दखल फारशी घेतली जात नाही. 'टॅम'ची यंत्रे मुख्यत्वे शहरांत होती. 'बार्क'ने ऑक्टोबर २०१५ पासून ग्रामीण घरांचेही आकडे देण्यास प्रारंभ केला. आणि २०१६ या एकाच वर्षात 'झी मराठी'वर काय आले पाहावे: तळकोकणातील वाड्यात घडणारी, मालवणी बोलणारी 'रात्रीस खेळ चाले', नागपूरहून सासरी आलेल्या राधिकेची 'माझ्या नवऱ्याची बायको', आणि कोल्हापूरच्या तालमीतील पैलवानाची 'तुझ्यात जीव रंगला'. तोवर मालिकांतील माणसे बहुशः दादर आणि सदाशिव पेठेची प्रमाण मराठी बोलत. गावाकडची भाषा असे ती गड्याच्या किंवा विनोदी मामाच्या तोंडी. आता नायक-नायिकाच ती बोलू लागले. हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे. त्या बोलींचे लहेजे अस्सल होते की शहरी कानांना रुचतील असे बेतलेले, यावर त्या-त्या भागांतील प्रेक्षकांनी पुष्कळ वाद घातला. तो वाद घालण्याजोगी परिस्थिती आली, हेही थोडे नव्हे.

या चक्रातही नेटक्या मालिका झाल्याच. सतीश राजवाडे दिग्दर्शित 'असंभव' (२००७-०९) पुनर्जन्माच्या कथेवर प्रेक्षकांना खिळवून ठेवू शकली. रमाबाई रानडे यांच्या जीवनावरील 'उंच माझा झोका'ने (२०१२-१३) एकोणिसाव्या शतकातील स्त्रीशिक्षणाचा लढा संध्याकाळच्या वेळेत आणला. 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' २०१२ मध्येच सुरू होऊन त्याच वर्षी संपली आणि लोकप्रिय असताना थांबली म्हणून अधिक लक्षात राहिली. अशी उदाहरणे सापडतात, पण ती शोधावी लागतात. दरम्यान दुसरा एक मार्ग रूढ झाला तो एका भाषेत चाललेली कथा दुसऱ्या भाषेत नेण्याचा. 'आई कुठे काय करते' (२०१९-२४) ही बंगाली 'श्रीमोयी'वर आधारित; त्याच कथेची हिंदी आवृत्ती म्हणजे 'अनुपमा'. अरुंधती, श्रीमोयी आणि अनुपमा या तिघी एकच संसार तीन भाषांत सोसत होत्या.

घर बंद, फोन सुरू

मार्च २०२० मध्ये चित्रीकरणे थांबली आणि 'बँक' किती तुटपुंजी असते, हे पंधरवड्यातच दिसून आले. वाहिन्यांना जुने भाग दाखवावे लागले. दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा बाहेर काढले आणि त्याला अफाट प्रतिसाद मिळाला. जुलैमध्ये नवे भाग सुरू झाले. २०२१ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात पुन्हा निर्बंध आले तेव्हा अनेक मराठी मालिकांनी आपला बाडबिस्तारा गोव्यात हलवला. मे महिन्यात गोव्यातही साथ वाढली आणि तेथील परवानग्या रद्द झाल्या. काही भागांत मालिकेतले अख्खे कुटुंब एकाएकी 'सहलीला' गेलेले दिसले, त्याचे रहस्य हे होते.

याच काळात शहरी मराठी प्रेक्षकाचा मोठा हिस्सा दुसऱ्या पडद्याकडे वळला. पाया आधीच घातला गेला होता. २०१५ मध्ये 'हॉटस्टार', २०१६ च्या जानेवारीत 'नेटफ्लिक्स', त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 'जिओ'चे स्वस्त इंटरनेट, डिसेंबरमध्ये 'ॲमेझॉन प्राइम व्हिडिओ' आणि २०१८ मध्ये 'झी५'. जुलै २०१८ मध्ये 'सेक्रेड गेम्स' आली. जितेंद्र जोशी यांनी साकारलेला हवालदार काटेकर हे तिच्यातील सर्वांत लोभस पात्र. तो मुंबईचा, मराठी, आणि ती मालिका मुख्यतः हिंदी.

मराठीचा पेच नेमका येथे आहे. २०१९ मध्ये 'हॉटस्टार'वर 'सिटी ऑफ ड्रीम्स' आली. महाराष्ट्रातील एका राजकीय घराण्यातील वारसाहक्काची ही गोष्ट. कलाकार कोण? अतुल कुलकर्णी, प्रिया बापट, सचिन पिळगांवकर, सिद्धार्थ चांदेकर. घराणे गायकवाडांचे. मालिकेची भाषा मात्र हिंदी! यात कलाकारांचा दोष नाही आणि दिग्दर्शक नागेश कुकुनूर यांचाही नाही. मराठी प्रेक्षक हिंदी सहज समजतो, म्हणून हिंदीत केलेली मालिका महाराष्ट्रातही चालते आणि लखनौतही. मराठीत केलेली महाराष्ट्राबाहेर भाषांतराशिवाय जात नाही. पैसे गुंतवणाऱ्याने कोणता पर्याय निवडावा, हे सांगण्यासाठी अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. मुंबई ही हिंदी मनोरंजन उद्योगाची राजधानी असल्याने मराठी नट, लेखक आणि तंत्रज्ञ त्या उद्योगाला हाताशी मिळतात. भाषा तेवढी घरी ठेवून यावी लागते.

बंगाली आणि तेलुगू यांची स्थिती निराळी आहे. बंगालीसाठी 'होईचोई' २०१७ मध्ये उभे राहिले. सीमेपलीकडे बांगलादेश हा त्याहूनही मोठा बंगाली भाषक प्रदेश आहे. तेलुगूसाठी २०२० मध्ये 'आहा' आले, त्याच्यामागे हैदराबादचा धनाढ्य चित्रपट उद्योग होता. मराठीत २०२१ मध्ये 'प्लॅनेट मराठी' हा मराठीपुरता मंच सुरू झाला आणि पुढच्या वर्षी त्यावर आलेल्या 'रानबाजार'ची चर्चा तिच्या पहिल्या झलकीपासूनच झाली. चर्चेचे कारण कथेपेक्षा झलकीतील धीट दृश्ये हे होते. दूरचित्रवाणीला १९९५ च्या कायद्याखालील कार्यक्रम संहिता लागू आहे, तर वेबमालिकांना फेब्रुवारी २०२१ मध्ये आलेले माहिती तंत्रज्ञान नियम. त्यानुसार मंचाने स्वतःच वयोगट जाहीर करायचा असतो. सासू-सुनेच्या मालिकेत आणि वेबमालिकेत दिसणारे मोकळेपणाचे अंतर निम्मे या नियमांतूनच आलेले आहे. उरलेले निम्मे हौसेतून.

तरीही जे थोडेथोडके मराठीत झाले, ते पाहण्याजोगे आहे. वरुण नार्वेकर यांच्या 'आणि काय हवं'मध्ये (२०१९) नवपरिणीत जोडप्याचे पहिले घर, पहिली गाडी, पहिला पाहुणचार एवढेच घडते. कारस्थान नावाला नाही. सुहास शिरवळकर यांच्या कादंबरीवरील 'समांतर' (२०२०) पहिल्या खेपेस नऊ भागांत आटोपते. 'सोनी लिव्ह'वर 'पेट पुराण' (२०२२) आली. मूल नको, प्राणी चालेल, असे ठरवणाऱ्या दाम्पत्याची ही हलकीफुलकी गोष्ट. त्याच मंचावर २०२४ मध्ये आलेली 'मानवत मर्डर्स' ही आशिष बेंडे दिग्दर्शित आठ भागांची मालिका परभणी जिल्ह्यातील सत्तरच्या दशकातील हत्यासत्रावर आणि तपास अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या लेखनावर आधारलेली आहे. कुलकर्णींची भूमिका आशुतोष गोवारीकर यांनी केली. 'झी५'वरील 'अंधार माया'ने (२०२५) कोकणातील भयकथेचा जुना धागा पुन्हा हाती घेतला. चैतन्य ताम्हाणे यांचा 'द डिसायपल' हा चित्रपट व्हेनिस महोत्सवात पटकथेचा पुरस्कार मिळवून २०२१ मध्ये 'नेटफ्लिक्स'वर आला. हिंदुस्थानी संगीताच्या साधनेतील अपयशावरचा इतका निर्दय मराठी चित्रपट शंभरहून अधिक देशांतील घरांत एकाच दिवशी पोहोचणे पूर्वी कल्पनेतही शक्य नव्हते.

यातील भागांची संख्या लक्षात घेण्याजोगी आहे. सहा, आठ, नऊ. अर्ध्या-पाऊण तासाचे आठ भाग म्हणजे चार ते सहा तासांची कथा. आणि दूरदर्शनच्या तेरा भागांचा हिशेब केला तर तोही पावणेपाच तासांच्या आसपासच येतो. काही दशकांनी मराठी मालिका फिरून जवळजवळ त्याच लांबीवर आली आहे, फक्त तिमाहीच्या जागी 'सीझन' आला. लेखकाला शेवट ठाऊक असतो, चित्रीकरण संपल्यावर प्रक्षेपण होते आणि मधल्या आठवड्याचा कौल कथेत शिरू शकत नाही.

शिरत नाही याचा अर्थ कौल घेतला जात नाही असा मात्र नव्हे. उलट तो अधिक बारकाईने घेतला जातो. कोणी कोणत्या मिनिटाला मालिका सोडली, कोणी पहिला भाग पाहून दुसरा लावलाच नाही, हे मंचाला घरागणिक कळते. त्यासाठी नमुन्याच्या घरांची गरज नाही. फरक इतकाच, की हे आकडे सहसा मंचापाशीच राहतात. 'नेटफ्लिक्स'ने २०२१ पासून साप्ताहिक याद्या आणि २०२३ च्या डिसेंबरपासून सहामाही अहवाल द्यायला आरंभ केला, पण मराठी मालिकेचा दुसरा सीझन का आला नाही, याचे उत्तर तिच्या दिग्दर्शकालाही बहुधा मिळत नाही. टीआरपीला नावे ठेवणाऱ्यांना निदान टीआरपी दिसत तरी होता.

दैनंदिन मालिका यामुळे संपली असे समजण्याचे मात्र कारण नाही. ती फोनमध्येही शिरली आहे. 'झी मराठी'च्या मालिका 'झी५'वर, 'स्टार प्रवाह'च्या 'जिओ हॉटस्टार'वर. काही ठिकाणी तर पैसे भरणाऱ्याला आजचा भाग टीव्हीच्या आधी पाहता येतो. लोकलमध्ये कानात बोंडे घालून कालचा भाग पाहणारी नोकरदार स्त्री आणि न्यू जर्सीत सकाळच्या चहाबरोबर तोच भाग लावणारे आजी-आजोबा हे आता एकाच मालिकेचे प्रेक्षक आहेत. शिवाय दूरचित्रवाणी अजून स्वस्त आहे. नियामकाच्या नियमानुसार गुच्छात समाविष्ट होणाऱ्या एका वाहिनीची महिन्याची किंमत १९ रुपयांपेक्षा अधिक ठेवता येत नाही. एका वेबमालिकेसाठी वर्षाची वर्गणी भरायची की नाही, याचा विचार ज्या घरांत करावा लागतो, त्या घरांत हा आकडा बोलका ठरतो.

राहता राहिला जतनाचा प्रश्न. दूरदर्शनच्या आरंभीच्या काळात चित्रफिती महाग असत. त्या पुसून पुन्हा वापरल्या जात. त्यामुळे त्या काळातील पुष्कळ कार्यक्रम आता केवळ पाहणाऱ्यांच्या आठवणीत उरले आहेत. जे वाचले त्यातील काही प्रसार भारतीच्या 'वेव्हज' या मंचावर पाहता येते; नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात त्याचे उद्घाटन झाले. वेबमालिकेला फीत नसते, त्यामुळे ती पुसली जाण्याचे भय नाही असे वरकरणी वाटते. परंतु 'समांतर' आणि 'आणि काय हवं' ज्या 'एमएक्स प्लेअर'वर आल्या, तो मंच २०२४ मध्ये 'ॲमेझॉन'कडे गेला. 'जिओ सिनेमा' आणि 'हॉटस्टार' १४ फेब्रुवारी २०२५ रोजी 'जिओ हॉटस्टार' या एका नावाखाली आले. अशा प्रत्येक व्यवहारात मालिकांचे हक्क एका हातातून दुसऱ्या हातात जातात आणि कोणती ठेवायची, कोणती काढायची, हे नवा मालक ठरवतो. चित्रपटाची तबकडी कपाटात ठेवता येत असे. वर्गणी भरणाऱ्याच्या हाती मात्र पाहण्याची परवानगी असते, तीही वर्गणी चालू असेपर्यंत.